सर रंगवत बसतात, मी बघत बसते. ही शिकवणी कसली?

वाचकाचं पत्र

मी कोल्हापूरची, वय ४४, सहकारी बँकेत नोकरी करते. शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षांत ‘ए’ ग्रेड मिळाली होती. पुढे कॉमर्सला गेले आणि चित्रं सुटली. मुलगी शिकायला पुण्याला गेली, घर रिकामं झालं, तेव्हा ठरवलं की आता शिकायचंच. आमच्या भागात एक चित्रकार राहतात. मुंबईत त्यांची प्रदर्शनं होतात, पोर्ट्रेटच्या ऑर्डरी असतात. क्लास असा ते घेत नाहीत, पण स्टुडिओत एका वेळी दोघांना शिकवतात. शनिवार-रविवार दोन-दोन तास, महिन्याला चार हजार रुपये. जवळच्याच हॉबी क्लासची फी हजार रुपये आहे.

तीन महिने झाले, अजून पेन्सिलच चालू आहे. तांब्या, कांदे, चुरगळलेला कागद, पुन्हा तांब्या. पहिल्या दिवशी मी हौसेनं जुनी फाईल दाखवली तर म्हणाले, “हात छान आहे, पण हे सगळं पाठ केलेलं आहे.” दोन तासांतला तास-सव्वा तास ते स्वतःचं पोर्ट्रेट रंगवत असतात आणि मला म्हणतात, “बघत बसा.” मध्येच उठून येतात आणि माझ्या कागदावर स्वतःच पेन्सिल चालवतात. परवा मी फोटोवरून मावशीचा चेहरा काढत होते, जमत नव्हता, तर पाच मिनिटांत डोळे-नाक त्यांनीच करून दिलं. घरी सगळ्यांनी कौतुक केलं, पण मला ते चित्र माझं वाटत नाही. आता विद्यार्थ्यांचं प्रदर्शन करायचं चाललंय आणि सर म्हणतात, तेच चित्र लावू. मिस्टर म्हणतात, यूट्यूबवर सगळं फुकट आहे. मी फसतेय का? आणि या वयात यातून काही होईल का?

उत्तर

ताई, मुख्य प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. तुम्ही फसत नाही आहात. चांगल्या माणसाकडे पोहोचला आहात असंच पत्रावरून दिसतं. पण त्या माणसाला चित्र काढण्याची जितकी सवय आहे तितकी शिकवण्याची नाही, आणि तुम्ही विचारायला संकोचता. त्यामुळे चार हजारांतले बरेचसे वाया चालले आहेत. ते वसूल कसे करायचे तेवढं आपण बघू.

‘पाठ केलेलं आहे’ हा शेरा तुम्हाला लागलेला दिसतो. शेरा खरा आहे, आणि त्यात दोष तुमचा नाही. ग्रेड परीक्षांची तयारी आपल्याकडे बहुतेक शाळांत अशीच करून घेतात. स्मरणचित्राला, म्हणजे आठवणीनं काढायच्या चित्राला, मंडई येईल, पाणवठा येईल, म्हणून बसलेल्या दोन बायका, एक पाठमोरा पुरुष, आईचा हात धरून चाललेलं पोर अशा आकृत्या घोटून घ्यायच्या आणि विषय येईल तशा मांडायच्या. डोक्यावर टोपली दिली की मंडई, घागर दिली की पाणवठा. या सरावानं हात वळतो, रेघ मारायची भीती जाते. खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या हातात या परीक्षांनी पेन्सिल दिली, हे ऋण मी मानते. मी स्वतः मुलांना या परीक्षांना बसवत आले आहे. पण त्या घोटण्यात डोळ्याला काम नसतं. समोर काय आहे ते न बघताच हात आपल्या ओळखीचं काढून मोकळा होतो.

तांब्याचंच घ्या. टेबलावरचा तांब्या तुम्ही खुर्चीत बसून जरा वरून बघता. त्याचं तोंड लंबगोल दिसतं हे शाळेपासून ठाऊक असतं, ते बरोबर येतं. बुडाची रेघ मात्र बहुतेक जण जवळपास सपाट काढतात, कारण टेबल सपाट आहे हे डोक्याला माहीत असतं. प्रत्यक्षात बूड हे डोळ्याच्या पातळीपासून तोंडापेक्षाही खाली असतं, म्हणून तिथली गोलाई तोंडाच्या गोलाईपेक्षा जास्त भरलेली दिसते. ती रेघ सपाट गेली की तांब्या टेबलावर बसतच नाही, अधांतरी राहतो. मग पितळेची चकाकी. गोल वस्तूला उजेडाकडून सावलीकडे हळूहळू छटा देत जायची, असं आपण शिकलेलो असतो. मडक्याला ते चालतं. घासलेल्या पितळेत पांढऱ्या झळाळीला खेटूनच अगदी काळा पट्टा येतो, आणि सावलीच्या बाजूला, अगदी कडेला, खालच्या कापडाचा उजेड परत आलेला असतो. हे सांगून कळतं, पण सांगून दिसत नाही. कितव्या तरी तांब्याला ते एकदम दिसतं, आणि एकदा दिसलं की मग स्वयंपाकघरातल्या प्रत्येक भांड्यावर दिसायला लागतं.

कांद्याचंही तसंच आहे. सालीवरच्या रेषा मुळापासून देठाकडे जाताना पोटावर फाकतात आणि मानेशी पुन्हा जवळ येतात. त्या रेषा नीट आल्या तर छटा न देताही कांदा गोल दिसतो. आणि चुरगळलेला कागद दिला हे वाचून तर मला तुमच्या सरांबद्दल आदरच वाटला. चुरगळलेल्या कागदातल्या आकारांना नावं नाहीत, त्यामुळे पाठ केलेलं काहीच तिथे उपयोगी पडत नाही. प्रत्येक घडी बघावीच लागते. गाणं शिकवणारे महिनोन् महिने षड्ज लावून घेतात, त्यावर आपण कुरकुर करत नाही. पेन्सिलबद्दलही तेवढा धीर धरायला हवा. फक्त धीर आंधळा नको. “सर, पेन्सिल कुठवर चालेल? काय जमलं की रंग द्याल?” असं स्पष्ट विचारा. काम करणाऱ्या चित्रकाराच्या मनात याचं उत्तर तयार असतं, त्याला ते सांगायचं सुचत नाही इतकंच.

आता ‘बघत बसा’. तुमच्या पत्रात तक्रारीचा सूर इथे सगळ्यात वरचा आहे, आणि नेमकं इथेच तुमचं माझं जमत नाही. हॉबी क्लासच्या हजार रुपयांत जे मिळणार नाही ते हेच आहे.

राजा रविवर्मा तरुणपणी त्रावणकोरच्या दरबारात होते. १८६८ साली थिओडोर जेन्सन नावाचे युरोपीय चित्रकार तिथे पोर्ट्रेट करायला आले. तैलरंगाचं तंत्र शिकवायला ते काही राजी झाले नाहीत, पण काम चालू असताना बघायची मुभा दिली. रविवर्मांनी त्या बघण्यातून किती घेतलं ते पुढे सगळ्या देशानं पाहिलं. आणि त्रावणकोरपर्यंत कशाला जायचं, तुमच्या गावाची परंपराच ही आहे. बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर हे नात्यातले भाऊ कुठल्या आर्ट स्कूलमध्ये तयार झाले नव्हते. घरात कारागिरी होती, नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता हात तयार झाला. पुढे सिनेमात नाव काढलेले दामले आणि फत्तेलाल हेही त्यांच्याच हाताखाली पडदे रंगवत शिकले. गुरूचं काम चालू असताना पोरानं रंग घोटायचे, ब्रश धुवायचे आणि डोळे उघडे ठेवायचे, अशीच ती शिकवण होती.

पण त्या पोरांना काय बघायचं ते कळत होतं, कारण ते दिवसभर तिथे असत आणि चुकलं की ओरडा खात. तुमच्याकडे आठवड्याचे चार तास आहेत. नुसतं टक लावून बसलात तर तुम्हाला एक सुंदर चित्र तयार होताना दिसेल आणि घरी येऊन काहीच आठवणार नाही.

म्हणून वही घेऊन बसा. सर कॅनव्हासकडे किती वेळ बघतात आणि मॉडेलकडे किंवा फोटोकडे किती वेळ, ते आधी टिपा. तुमचं बघणं कमी आणि काढणं जास्त होतं की काय, ते या एका गोष्टीवरून तुमचं तुम्हालाच कळेल. डोळे किलकिले करून ते कधी बघतात? बारीक तपशील पुसट व्हावा आणि उजेड-सावलीचे मोठे तुकडे तेवढे उरावेत म्हणून चित्रकार तसं करतात. ते कुठल्या टप्प्यावर करतात ते लिहून ठेवा. मागे सरकून चित्र कधी बघतात, खरवडून काय काढतात, पॅलेटवर कुठला रंग कुठे लावलेला असतो. खरवडणं तर जरूर बघा. पुरं झालेल्या चित्रात चित्रकाराची चूक दिसत नाही, आणि तीच बघायची संधी तुम्हाला तिथे मिळते आहे. यूट्यूबवर बहुतेक वेळा खरवडलेला भाग कापूनच टाकलेला असतो.

चेहऱ्याची सुरुवात ते कुठून करतात याकडे तर डोळ्यांत तेल घालून लक्ष द्या. मी पैजेवर सांगते, डोळ्यांपासून करत नसतील. आधी डोक्याचा एकूण आकार, मानेचा कल, मग उजेडाची बाजू आणि सावलीची बाजू असे दोनच मोठे भाग. डोळा त्या सावलीच्या खोबणीत नंतर येऊन बसतो. मावशींच्या चित्रात तुम्ही बहुधा डोळे आधी काढले, मग नाक त्यांना जुळवून, मग ओठ, आणि शेवटी चेहऱ्याचा घेर त्या सगळ्याभोवती. तसं केलं की एकेक अवयव सुबक येतो आणि माणूस मात्र भलताच निघतो.

आणि विचारा. ब्रश कॅनव्हासवर असताना नाही, सर मागे सरकले की. “आत्ता गालावर तो हिरवट रंग का लावलात?” एवढा एकच प्रश्न एका बैठकीत पुरे. चांगला चित्रकार अशा प्रश्नानं खूश होतो, कारण घरातलं कोणी त्याला हे विचारत नाही. एवढं करूनही ते बोलतच नसतील, तुमच्या कागदाकडे दोन तासांत एकदाच येत असतील, तर मात्र हिशेबाचं बोला. तासभर तुमचं काम आणि त्यावर त्यांचं बोलणं, उरलेल्या तासात त्यांचं काम बघणं, अशी वाटणी मागण्यात गैर काही नाही. फी तुम्ही शिकण्याची देता.

तुमच्या कागदावर त्यांनी पेन्सिल चालवण्याबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे. ते थांबवा. आपल्याकडे कलाशिक्षकांची ही जुनी सवय आहे आणि तिच्यामागे वाईट हेतू नसतो. विद्यार्थी अडलाय, दोन फटकाऱ्यांत सुटेल, मग का नाही? पण सुटतो तो कागद, विद्यार्थी तिथेच राहतो. मावशींचे डोळे सरांनी पाच मिनिटांत केले तेव्हा तुम्ही चूक कुठे होती ते शोधायच्या आधीच ती नाहीशी झाली. आता पुढचा चेहरा काढताना तुम्ही पुन्हा त्याच ठिकाणी अडाल, आणि मनात एक सवय बसेल की अडलं की सर येतील.

त्यांना दुखवायची गरज नाही. पुढच्या शनिवारी जाताना ट्रेसिंग पेपरचे दोन-चार ताव घेऊन जा आणि म्हणा, “सर, दुरुस्ती यावर करून दाखवा ना, म्हणजे माझं आणि तुमचं शेजारी ठेवून मला बघता येईल.” ट्रेसिंग तुमच्या रेषेवर ठेवला की तुमची रेघ कुठे गेली आणि खरी कुठे हवी होती हे दोन्ही एकदम दिसतं. तो कागद जपून ठेवता येतो. शिवाय समासात छोटं रेखाटन करून दाखवणंही चालेल. कुठलाही समंजस चित्रकार याला नाही म्हणणार नाही. म्हणालाच, तर त्याला विद्यार्थ्यापेक्षा हातात चांगलं दिसणारं चित्र हवंय, आणि तेव्हा तुम्ही दुसरा गुरू शोधलेला बरा.

प्रदर्शनात ते चित्र लावू नका, ताई. तुमचं मन तुम्हाला सांगतंयच. ज्या चेहऱ्याचे डोळे आणि नाक दुसऱ्यानं केलेत त्याखाली तुमचं एकटीचं नाव येणं बरोबर नाही, आणि ते कौतुक तुम्हाला पुढे कायम टोचेल. सरांना सांगा की मी मावशीचा चेहरा पुन्हा काढते, या वेळी पहिल्या रेषेपासून, तुम्ही फक्त तोंडी सांगा. शक्य असेल तर फोटो बाजूला ठेवून मावशींनाच खिडकीपाशी बसवा, एका बाजूनं उजेड येईल असं. मोबाईलच्या फोटोत, त्यातून फ्लॅशच्या, चेहऱ्यावरची सावली मरून गेलेली असते, आणि सावली नसली की नवशिक्यानं धरायचं काय? अर्धा-अर्धा तास बसवा, मध्ये चहा द्या. ते चित्र वेडंवाकडं आलं तरी लावा. नाहीतर सरळ तांब्या लावा. चांगला काढलेला तांब्या भिंतीवर काय दिसतो, याची तुम्हाला कल्पना नाही.

एका धोक्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. एकाच कलावंताकडे वर्ष-दीड वर्ष शिकलं की हात त्याच्यासारखा व्हायला लागतो. सुरुवातीला ते होणारच, होऊ द्या. पण नजर एकाच घरात कोंडू नका. कोल्हापुरात राहता, तुम्हाला सबब नाही. तुमच्याच गावच्या आबालाल रहिमान या जुन्या चित्रकाराची निसर्गचित्रं बघा. कोटितीर्थ तळ्याचा तो परिसर त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवला, आणि एकाच पाण्यावरचा उजेड दर वेळी वेगळा कसा दिसला ते त्यांच्याकडून शिकावं. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे. सिनेमातले चंद्रकांत ठाऊक असलेल्या कित्येकांना ते चित्रकार म्हणून ठाऊक नसतात. आणि एक दिवस काढून सातारा जिल्ह्यातल्या औंधला जा. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी उभारलेल्या तिथल्या संग्रहालयात रविवर्मा, धुरंधर यांची मूळ चित्रं हातभर अंतरावरून बघता येतात. कॅलेंडरवर गुळगुळीत दिसणारं चित्र जवळून ब्रशच्या फटकाऱ्यांचं बनलेलं असतं. जाताना रेखाटनवही न्या, फोटो काढत बसू नका.

मिस्टरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. तंत्राच्या बऱ्याच गोष्टी यूट्यूबवर उत्तम मिळतात आणि तुम्ही त्या जरूर बघा. पण पडद्यावरच्या माणसाला तुमचा कागद दिसत नाही. तुमचा तांब्या का डगमगतोय हे सांगायला कोणीतरी तो बघायला हवा, आणि चार हजार त्या बघणाऱ्याचे आहेत. ते घरखर्चाला जड जात असतील तर महिन्यातून दोनच शनिवार जाते म्हणून विचारा, बरेच चित्रकार तयार होतात. सुट्टी पडली तर बैठक भरून मिळणार का, हेही आधीच ठरवून घ्या. पैशांचं बोलणं सुरुवातीला होऊन गेलेलं बरं, मागाहून मन कडू होतं.

या वयात काय होईल? खरं सांगते. आठवड्याला चार तासांवर दोन वर्षांत पोर्ट्रेटच्या ऑर्डरी घ्याल असं नाही. सरांमागे पूर्णवेळ शिक्षणाची आणि रोजच्या कामाची वर्षं आहेत. पण रोज घरी वीस मिनिटं काढलीत तर वर्षभरात समोरची वस्तू जागेवर बसलेली आणि उजेडात असलेली काढाल, आणि चेहरा ओळखू येईल इतका जमेल. घरी करायचं म्हणजे स्टुडिओतलंच पुन्हा नको. बँकेत जेवणाच्या सुट्टीत डबा, चष्मा, खुर्चीच्या पाठीवर टाकलेली ओढणी, जे समोर असेल ते, खोडरबर न वापरता. चुकलेली रेघ तशीच ठेवून तिच्या शेजारी दुसरी मारायची. चव्वेचाळिसाव्या वर्षी शाळेतल्या मुलापेक्षा एक गोष्ट तुमच्याकडे जास्त असते. तुम्हाला कोणी ढकललेलं नाही, स्वतःच्या पगारातून स्वतःच्या इच्छेनं तुम्ही गेला आहात. मुलांना शिकवताना ही इच्छा जागी करण्यातच माझा अर्धा वेळ जातो.

रंग सुरू होतील तेव्हा दुकानात जाऊन चोवीस ट्यूबांचा डबा आणू नका. जलरंग असतील तर पहिले काही आठवडे एकच रंग पुरे, बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी. त्याच एका रंगात पाणी कमी-जास्त करून तोच तांब्या करा. छटा पेन्सिलीत जमली असेल तर इथे जमेल. त्यानंतर अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी घ्या. या दोघांच्या मिश्रणातून थंड-उबदार असे इतके करडे निघतात की काळ्या रंगाची ट्यूब लागतच नाही. पंचगंगेच्या घाटाचा दगड आणि पावसाळ्यातलं रंकाळ्यावरचं आभाळ एवढ्या दोन रंगांत होतं. पैसे वाचवायचे असतील तर रंगांत वाचवा, कागदात वाचवू नका. पातळ ड्रॉइंग पेपर पाणी पडलं की फुगतो, रंग एका जागी साचतो आणि माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. तीनशे जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड कागद घ्या, एका तावाचे चार तुकडे करा, आणि पाठीमागच्या बाजूवरही काम करा.